ह्या कप काय कामना?

परवा अमळनेर तालुक्यात मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. पंगती उठल्यावर मांडवामागे गेलो तर ढीग. 200 मिलीच्या पाण्याच्या बाटल्या, बहुतेक अर्ध्याच प्यालेल्या, आणि चहाचे कागदी कप. भाच्याला हाताशी घेऊन बाटल्या रिकाम्या करायला बसलो. दोन बादल्या भरल्या. मे महिना, गावाला टँकर, आणि हे विकतचं पाणी गटारीत जायला निघालं होतं. म्हशीने प्यालं, चला.

सकाळी भंगारवाला आला. बाटल्या पोत्यात भरल्या, कपांना हातही लावला नाही. "भाऊ, ह्या कप काय कामना?" म्हणजे, हे कप काय कामाचे?

बरोबरच होतं त्याचं. कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळेल. त्या थरामुळे तो रद्दीत चालत नाही आणि कागदामुळे प्लास्टिक वितळवून दाणा करणाऱ्याला नको. 1 जुलै 2022 ला प्लास्टिकच्या ग्लास-ताटांवर देशभर बंदी आली, तेव्हा आपण हे कप 'कागदी' म्हणून कौतुकाने आणले.

आता कोणी म्हणेल, आपलं जळगाव तर भंगार प्लास्टिकच्या चटया करून देशभर पाठवतं! खरं आहे, मलाही अभिमान आहे. मांडवातली चटईही तिथलीच असणार. पण प्लास्टिक धुवा, दळा, वितळवून दाणा करा. दर फेरीला ते थोडं कमकुवत होतं, नवा माल मिसळावा लागतो. आणि दहा मिनिटांच्या ग्लासासाठी एवढा खटाटोप कशाला?

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी करतो तेव्हा कोणी सल्ला देत नाही. केळीचं पान तोडलं, भरीत-पुरी वाढली, जेवण झालं की पान गुरांपुढे. शेण शेतात. झालं.

लग्नाला पान नको म्हणता? मग गावची भांडी काय वाईट होती? आमच्या मारुतीच्या देवळामागे कोठी आहे. पातेली, ताटं, वाट्या, ग्लास, प्रत्येकावर 'समस्त गावकरी' कोरलेलं. वहीत सही करून न्यायची, मोजून परत द्यायची, हरवलं तर भरून द्यायचं. धुवायला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न खोटा नाही. पाचशे ताटं टँकरच्या पाण्यावर घासा असं मी म्हणणार नाही. (आणि घासायच्या त्या बायकाच, हेही आलंच.) पण ग्लासाला तेल लागत नाही, तूप लागत नाही. दोनदा विसळला की झाला. निदान पाणी आणि चहा तरी स्टीलमध्ये द्या.

किल्ली मिळवून काल कोठी उघडली. वहीत ग्लास 500, आत भरले 212. बाकीचे कोणाकोणाच्या घरात आहेत, ते आईला तोंडपाठ आहे. त्यातले चार आमच्याच फडताळात निघाले.