वेतोबाच्या तालुक्यातून श्लोटहाइमला

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एक वाद पेटलेला आहे आणि त्यात मला विनाकारण साक्षीला उभे केले आहे. आमच्याच एका मित्राचा मुलगा पुण्यात अभियांत्रिकी शिकतो, जर्मन ब्लॅक मेटल ऐकतो आणि त्याच्या खोलीच्या भिंतीवर उलटा क्रूस आहे. एवढ्यावरून एकाने ‘हे अघोरी प्रकार जादूटोणाविरोधी कायद्यात बसवा’ असे लिहिले, दुसऱ्याने जर्मन भाषा कानावर पडली की हिटलरच आठवतो अशी भर घातली आणि शेवटी ‘तू तिकडेच, जर्मनीत राहतोस, तूच सांग’ म्हणून विषय माझ्या गळ्यात आला.

मग सांगतोच. ज्या कायद्यासाठी दाभोलकरांनी उमेदीची वर्षे खर्ची घातली आणि ज्याचा अध्यादेश ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांच्या खुनानंतर काही दिवसांत निघाला, तो आधी वाचावा. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे, पण ती फसवणुकीला, छळाला आणि नरबळीसारख्या कृत्यांना आहे. काळोखावर गाणे रचण्याला नाही. उलट एखादा माणूस करणी करतो असे पसरवून त्याचे जगणे अवघड करणे किंवा त्याला सैतान ठरवणे, हे त्याच्या अनुसूचीत आहे. ग्रुपवरील काही उत्साही मंडळींनी तेवढा भाग तरी पाहून घ्यावा.

संगीताविषयी बोलायचे तर त्या मुलाची आवड माझ्या मित्रांच्या आवडीहून बरी आहे. आखेनच्या नागेलफार या बँडचा १९९७ चा ‘ह्युनेनग्राब इम हेर्ब्स्ट’ हा अल्बम ऐका, किंवा रोझेनहाइमच्या लूनार अरोरा या बँडचा २०१२ चा ‘होआगाश्ट’, जो चक्क बव्हेरियन बोलीत गायलेला आहे. गिटारच्या तारा इतक्या वेगाने छेडल्या जातात की सूर सुटे न राहता एक सलग धुके होते, ड्रम अखंड कोसळत असतात आणि त्या सगळ्यामागे मानवी आवाज दुरून, जवळजवळ वाऱ्यासारखा येतो. गाणी दहा-दहा मिनिटे चालतात. त्यांतले गूढ म्हणजे रात्र, अरण्य, जुनी थडगी, चेटकिणी. आणि हे काही या पोरांनी शोधून काढलेले नाही. वालपुर्गिसच्या रात्री ब्रोकेन डोंगरावर चेटकिणी जमतात हे गटेने ‘फाउस्ट’ नाटकात लिहून ठेवले आहे आणि इथली मुले ते गिम्नाझियममध्ये, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेत, परीक्षेसाठी वाचतात. चेटकिणींची खरी भीती ज्यांना वाटली त्यांनी काय केले, तेही नोंदलेले आहे: व्युर्झबुर्गच्या बिशपच्या राज्यात १६२६ ते १६३१ या काळात सुमारे ९०० माणसे मारली गेली. त्याच व्युर्झबुर्गमधून आज ‘देअर वेग आइनर फ्राइहाइट’ हा बँड येतो, आणि त्याच्या गाण्यांनी कोणाला जाळलेले नाही.

इथे सगळे चालते, असाही मित्रांचा समज आहे. करफ्रायटागला, म्हणजे गुड फ्रायडेला, बव्हेरियामध्ये नाचाचा कार्यक्रम ठेवून पाहा म्हणावे. त्या दिवसाच्या बंदीला अपवादाची मुळीच सोय नसणे घटनाबाह्य आहे, हे ठरवायला इथल्या घटना न्यायालयाला २०१६ उजाडावे लागले. माझ्या तालुक्यात, आरवलीला, वेतोबाला लोक भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो. वेताळ हाच ज्यांचा राखणदार, त्यांनी पोस्टरवरच्या सैतानाला घाबरावे, याचे मला खरोखर नवल वाटते.

नॉर्वेचे उदाहरण ग्रुपवर आलेच. १९९२ मध्ये तिथे फान्टॉफ्टचे लाकडी चर्च जाळले गेले आणि १९९३ मध्ये एका ब्लॅक मेटल संगीतकाराने दुसऱ्याचा खून केला, हे खरे आहे. त्याहून जवळचे उदाहरण मीच देतो. त्याच वर्षी मी राहतो त्या थुरिंगिया राज्यातल्या झोन्डर्सहाउझेनला अ‍ॅब्सर्ड नावाच्या बँडमधल्या अल्पवयीन मुलांनी एका शाळकरी मुलाचा जीव घेतला आणि त्यांतला एक पुढे नवनाझींमध्ये सामील झाला. मला त्यातला सैतान महत्त्वाचा वाटत नाही, पुढचे राजकारण वाटते. जर्मन दंडसंहितेचे कलम ८६अ नाझी स्वस्तिक आणि तसल्या चिन्हांना बंदी करते. उलट्या क्रुसाला हात लावत नाही. या देशाने भीती कशाची धरावी हे भोगून ठरवले आहे आणि आपल्याकडे ती अजून कपड्यांच्या रंगावर ठरते, असे मी ग्रुपवर बऱ्याच तोऱ्यात लिहिले.

जे लिहिले नाही ते असे. ऑगस्टमध्ये इथल्याच श्लोटहाइमच्या धावपट्टीवर पार्टी.सान हा मेटल संगीताचा महोत्सव भरतो, तिथे काळ्या कपड्यांतल्या हजारो माणसांत उभे राहिलो की मला इतर कुठेही न मिळणारी मोकळीक मिळते. कचेरीत माझे जर्मन व्याकरण कोणीतरी मनातल्या मनात सुधारत असते. इथे मंचावरून काय किंचाळले जाते ते शेजारच्या जर्मनालाही कळत नाही, त्यामुळे तो आणि मी बरोबरीचे. बिअर सांडली म्हणून माफी मागणारी, तंबूचा खुंटा ठोकायला मदत करणारी ही माणसे आहेत. पण कुठे उभे राहायचे ते ठरवण्यापूर्वी मी आजूबाजूच्यांच्या जॅकेटांवर शिवलेली बँडची नावे वाचतो. काही नावे दिसली की जागा बदलतो. माझ्या गोऱ्या सहकाऱ्याला हे करावे लागत नाही आणि मी करतो हे त्याच्या ध्यानातही आलेले नाही. २०२४ मध्ये याच राज्यात एएफडी या अतिउजव्या पक्षाला ३२.८ टक्के मते पडली. ती काही काळे कपडे घालून रात्री दिलेली नव्हती, रविवारी, दिवसाउजेडी दिली होती. तेव्हापासून ट्राममध्येही मी माणसे वाचू लागलो आहे, आणि तिथे तर जॅकेटांवर काहीच शिवलेले नसते.

तो मुलगा आता मास्टर्ससाठी इथल्याच येना शहरात यायचे म्हणतो. त्याच्या वडिलांनी ग्रुपबाहेर, वेगळा निरोप पाठवून विचारले की या संगीताच्या नादाने तिकडे पोर बिघडणार तर नाही ना. संगीताची काळजी करू नकोस, असे मी कळवले. बाकीचे मुलाशीच बोलेन, कारण ते बापाला सांगितले तर संध्याकाळपर्यंत ग्रुपवर येईल, आणि मग आठवडाभर मी इथल्या ज्या शहाणपणाचे दाखले दिले त्याचा हिशेब मलाच द्यावा लागेल.