सीमाभागात संगीत नाटककार व्हायचे असल्यास

बेळगाव-खानापूरकडच्या एखाद्या होतकरू तरुणाला संगीत नाटके लिहून नाव कमवावे असे वाटत असेल, तर त्याने सर्वप्रथम जन्म घेतानाच काळजी घ्यावी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ती घेतली होती. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला ते १८४३ साली जन्मले, आणि त्याच वर्षी तिकडे सांगलीत विष्णुदास भाव्यांनी मराठीतले आद्य मानले जाणारे नाटक, ‘सीतास्वयंवर’, रंगवले. मुहूर्त साधणे म्हणतात ते याला. पुढे बेळगावात मास्तरकी झाली, कचेरीतली नोकरी झाली, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी त्यांच्या संगीत ‘शाकुंतल’ नाटकाच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला तो पुण्यात. बेळगावच्या माणसाचे नाटक पुण्यात उभे राहिले, या वाक्याखाली तुम्ही आत्ताच एक रेघ मारून ठेवावी.

अण्णासाहेबांनी साकी, दिंडी, कामदा या मराठी वृत्तांच्या जोडीला खुशाल कानडी पदांच्या चाली उचलल्या आणि त्या मराठी कानांना इतक्या गोड लागल्या की कोणी त्यांचे गाव विचारले नाही. तुम्ही हे धाडस करू नये. आज अशी चाल घेतलीत, तर दोन्ही बाजूंची निवेदने एकाच दिवशी दारात येतील.

नोकरी सोडू नये.

लेखनाचे म्हणाल, तर पद रचणे ही वाटते तितकी काव्यमय गोष्ट नाही. चाल आधी असते, शब्द मागून येतात, आणि ते बंदिशीच्या मात्रांत बसवताना अर्थाचे हातपाय बाहेर राहू नयेत एवढे पाहावे लागते. तान जिथे यायची तिथे ‘आ’कार ठेवावा. ‘ई’वर तान घ्यायला लावलीत, तर नट तालमीतच तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करील. मी एका दिंडीवर सहा रात्री घालवल्या. तुम्ही मात्र इतका वेळ दवडू नये, कारण ते पद कापले जाणारच आहे.

कसे, ते सांगतो. गेल्या महिन्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावाच्या यात्रेत माझ्या नव्या नाटकाचा प्रयोग ठरला होता. पदे चौदा. प्रारंभ सायंकाळी सात वाजता, आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद करायचे, हे परवानगीपत्रावरच लिहिलेले. आठ वाजेपर्यंत पाहुणे आले नाहीत. आल्यावर सत्कार सुरू झाले, आणि व्यासपीठावर बसलेल्यांचे संपले तेव्हा समोर बसलेल्यांचे सुरू झाले. पावणेनऊला मंडळाचे एक पदाधिकारी रंगपटात येऊन म्हणाले, “मास्तर, वेळ कमी आहे ओ, तेवढी गाणी जरा कमी करूया की.” संगीत नाटकातून गाणी कमी करायची, म्हणजे बासुंदीतून दूध कमी करायचे! माझ्या हातातली संहिता घेऊन त्यांनी निळ्या पेनाने नऊ पदांवर फुल्या मारल्या. त्यांत माझी ती दिंडीही गेली. दुसऱ्या अंकात भावाने परस्पर जमीन विकल्याचे पत्र नायिका त्या दिंडीतच वाचते, आणि पुढचे अख्खे नाटक त्या पत्रावर उभे आहे. मग तिसऱ्या अंकात ती बिचारी “ते पत्र वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही” असे म्हणत रडत आली, तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका आजींनी मोठ्याने विचारले, “कसलं पत्र ग बाई?” त्यांचे काही चुकले नाही. तोवर मीही गप्प होतो. परंतु त्यानंतर, वेळ नाही म्हणून पदे कापलेल्या त्याच प्रयोगात, अंक मध्येच थांबवून सूत्रसंचालकांच्या भाच्याने अण्णासाहेबांच्या ‘सौभद्रा’तले एक पद म्हटले. टाळ्या पडल्या, वन्स मोअर मिळाला, पुन्हा म्हटले. माझी दिंडी तीन मिनिटांची होती. हे प्रकरण अकरा मिनिटे चालले. मी घड्याळ लावून मोजले आहे.

प्रयोगाच्या हस्तपत्रिकेवर मंडपवाल्याचे नाव होते, ध्वनीवाल्याचे होते, चहा देणाऱ्याचे होते. लेखकाच्या जागी ‘मंडळाचे एक हितचिंतक’ असे छापले होते.

मानधनाचा विषय काढू नये. “मास्तर, तुम्ही घरचेच की हो,” असे उत्तर मिळते. मंडपवाला परका असल्यामुळे त्याला आगाऊ रक्कम देतात. घरच्या माणसाला शाल आणि नारळ. माझ्या कपाटात आता अकरा शाली आहेत, आणि या वेळच्या शालीवरची किमतीची चिठ्ठीही कोणी काढलेली नव्हती.

पुण्या-मुंबईकडे आशेने पाहावे. तिथे ‘सीमाभागातले लेखक’ म्हटल्याबरोबर सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते आणि लगेच खाली बसते.

पण उपदेश पुरे. आता मंडळवाल्यांनो, तुम्हालाच विचारतो. तुम्ही भाषणात अण्णासाहेबांना आपल्या मातीतले म्हणता, बेळगावात शिकलेल्या, ‘शारदा’ नाटक लिहिणाऱ्या देवलांवर हक्क सांगता, आणि नवे संगीत नाटक समोर आले की त्याचा गळा कापून तिथे जुने पद चिकटवता. १८९९ साली ‘शारदा’ नवीच होती ना? तेव्हा कोणी “आधी ‘सौभद्रा’तले होऊ द्या” म्हणून देवलांची पदे कापली असती, तर आज तुम्ही ‘शारदे’च्या कुठल्या पदाला वन्स मोअर दिला असता? तुम्हाला जुनीच पदे ऐकायची असतील तर खुशाल नाट्यगीतांची मैफल करा, मी स्वतः येऊन पहिल्या रांगेत बसेन. पण मग माझ्याकडे नाटक मागायला येऊ नका. ज्या पोरीने महिनाभर शेतातली कामे आटोपून रात्री ती दिंडी घोटली, तिला रंगपटात रडताना मी पाहिले आहे. तुमच्यापैकी कोणी तिला साधे “चुकले” म्हटलेत?

आणि ती निळ्या फुल्यांची प्रत अजून तुमच्याकडेच आहे. ती परत पाठवा. नवव्या पदाची चाल मी फक्त तिच्याच समासात लिहिलेली आहे.