डोंगरापलीकडे एफएम पोचवणार कोण?

नॉर्वेने २०१७ मध्ये एफएम बंद केला ही बातमी गावाकडच्या ग्रुपवर अजून फिरतेय आणि खाली लगेच कोणीतरी लिहितं की बघा, तिकडे रेडिओ संपला, आपण कसले टॉवर उभारताय, सगळ्यांकडे फोन आहेत की. मी इथे नॉर्वेतच राहतो, म्हणून सांगतो, रेडिओ संपला वगैरे काही नाही. मोठी चॅनल्स एफएमवरून डॅबवर, म्हणजे डिजिटल रेडिओवर गेली, बरीच छोटी लोकल स्टेशनं अजून एफएमवरच आहेत. गाडीत नवा सेट बसवावा लागला म्हणून लोक वैतागले, ते खरंय. पण त्याआधी संसदेने अट घातली होती की सरकारी रेडिओचं डिजिटल कव्हरेज जुन्या एफएमइतकं, म्हणजे ९९.५ टक्के लोकसंख्येपर्यंत, झालंच पाहिजे, आणि हा देश तर सगळा डोंगर आणि खाड्यांचा. २०२४ ला घरोघरी सरकारी पत्रक आलं, त्यात संकटासाठी पाणी, औषधं यांच्यासोबत बॅटरीवरचा डॅब रेडिओ ठेवा असं लिहिलंय.

आपल्याकडे त्याच वर्षी २३४ नव्या शहरांत ७३० चॅनल्सच्या लिलावाला मंजुरी मिळाली. चांगलंच झालं, पण चर्चा सगळी शहरं किती आणि चॅनल्स किती याचीच. एफएमची लाट जवळपास सरळ रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की पलीकडे खरखर. दापोलीकडे मामाच्या वाडीत रेडिओ खिडकीत, एरियल पूर्ण ओढून ठेवला तर कसंबसं ऐकू येतं, माजघरात आणला की गप्प.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तिकडे वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले, आम्ही इथून नुसते फोन लावत बसलो आणि मामांना तिथे बसून बाहेर काय चाललंय ते कळेना. फोनमधल्या एफएमला नेटवर्क लागत नाही हे खरं, पण एरियल म्हणून हेडफोनची वायर लागते आणि बऱ्याच नव्या फोनांना ते भोकच नसतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, लायसन्स देताना नुसतं शहराचं नाव नको, आजूबाजूच्या कुठल्या वाड्यांपर्यंत आवाज पोचला पाहिजे तेही लिहा. मधल्या डोंगरावर छोटा ट्रान्समीटर लागणार असेल तर त्याचा खर्च सरकारने करावा, कारण पन्नास उंबऱ्यांसाठी कुठलीही खासगी कंपनी तो करणार नाही.