'आपोआप' काही वाढत नाही

सरकारने प्रत्येक मोठ्या शहरात कन्व्हेन्शन सेंटर, म्हणजे परिषदा-प्रदर्शनांचं मोठं संकुल, बांधावं, बिझनेस टुरिझम (कामानिमित्त येणाऱ्या पाहुण्यांचं पर्यटन) आपोआप वाढेल, असं एका लेखाचे लेखक म्हणतात. मी त्या 'आपोआप'वर अडलो. प्रदर्शनांत स्टॉल उभारणं हा माझा धंदा. दिल्लीत द्वारकेची 'यशोभूमी' हे असंच सेंटर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालं. पहिल्या टप्प्याला सुमारे ५,४०० कोटी, मुख्य सभागृह ६,००० खुर्च्यांचं. पण एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोही त्याच दिवशी थेट तिथपर्यंत नेली. पाहुणा विमानतळावरून बॅग ओढत दारात हजर! आपल्याकडे आधी इमारत, मग रस्ता, आणि पार्किंग देवाच्या भरवशावर.

गोव्याचंच बघा. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून तिथे आहे, दोनापावलाच्या कन्व्हेन्शन सेंटरची चर्चाही जुनीच, तरी महोत्सवाची उद्घाटनं वर्षानुवर्षं ताळगावच्या इनडोअर स्टेडियमवर उरकली.

आणि नकाशा काढताना आमच्यासारख्यांना कुणी विचारतं का? एका नव्याकोऱ्या सरकारी सभागृहात आठ बाय चारची प्लायची शीट लिफ्टमध्ये मावेना. रात्री दोनला पोरांनी साठ शीट जिन्यावरून खांद्यावर चढवल्या. लॉबीत इटालियन मार्बल मात्र चकाचक होता.