दिवा डीपीएफचा, दुखणं इंजिनाचं

डिझेल व्हॅन चालवणाऱ्यांच्या मोबाइलवर डीपीएफबद्दल, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरबद्दल, एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. मलाच तो चार-पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी गाडी दाखवायला आणल्यावर. मेसेज साधारण असा आहे : "डीपीएफचा दिवा लागला म्हणजे फिल्टर चोक झाला. गॅरेजला जाऊ नका. हायवेवर ३,००० आरपीएमवर २० मिनिटं दाबून चालवा, साफ होतो. नाही झाला तर टाकीत क्लीनरची बाटली ओता. तरी दिवा राहिला तर स्कॅनर लावून फोर्स रीजन मारा, नाहीतर फिल्टर उतरवून प्रेशरने धुवा. आणि कायमचा इलाज हवा असेल तर आतली जाळीच काढा, प्रोग्रॅमिंग करून घ्या. ॲव्हरेज वाढतो, पिकअप वाढतो, इंजिन जास्त टिकतं."

यातली दोन-तीन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणून मेसेज पटतो. पण त्यावर विसंबून चांगले फिल्टर फुटलेले आणि चांगली इंजिनं बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

त्याआधी फिल्टर करतो काय ते थोडक्यात. आत सिलिकॉन कार्बाइडचा किंवा कॉर्डिएराइटचा ठोकळा असतो, मधाच्या पोळ्यासारखा. शेजारशेजारच्या नळ्यांची तोंडं आळीपाळीने बंद केलेली असतात, त्यामुळे धुराला भिंतीतून झिरपूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी अलीकडे अडकते. इंजिनावर लोड असेल आणि धूर २५० ते ४०० अंश सेल्सियसच्या आसपास तापला असेल, तर नायट्रोजन डायऑक्साइडमुळे ही काजळी चालता चालता हळूहळू जळत राहते. शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात तेवढी उष्णता मिळत नाही. मग ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, जादा डिझेल मारून तापमान ५५० ते ६५० अंशांवर नेतो आणि साधारण १० ते २० मिनिटांत काजळी जाळून टाकतो. हेच रीजन, म्हणजे रीजनरेशन. त्यात काजळी जळते, पण इंजिन ऑइलमधून आलेली राख जळत नाही. हा फरक मेसेज लिहिणाऱ्याला माहीतच नसावा असं दिसतं.

"दिवा लागला म्हणजे फिल्टर चोक झाला"

ईसीयूला फिल्टरच्या आतलं दिसत नाही. फिल्टरच्या आधी एक आणि नंतर एक अशा दोन बारीक नळ्या निघतात, त्या एका प्रेशर सेन्सरला जोडलेल्या असतात. दोन्हीकडच्या दाबातला फरक, आणि गाडी कशी चालली, किती डिझेल जळलं यावरून मांडलेला हिशोब, एवढ्यावर ईसीयू काजळीचा आकडा ठरवतो. नळी तडकली, वितळली, काजळीने बुजली, तिच्यात पाणी साचलं, कुणी काम करताना दोन नळ्या उलट्या बसवल्या, तर तो आकडा चुकणारच.

एक मोठी डिलिव्हरी व्हॅन आली होती. आधी दोन ठिकाणी "फिल्टर गेला, बदला" असं सांगून झालं होतं. मी इंजिन सुरू न करता फक्त चावी फिरवली. इंजिन बंद, धूर नाही, म्हणजे दाबातला फरक शून्याला टेकलेला हवा. स्कॅनरवर, म्हणजे ईसीयूतले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, ४० मिलिबार. सेन्सरच्या दोन्ही नळ्या उपसल्या, सेन्सर हवेत मोकळा धरला. तरी ४०. सेन्सरच खोटं बोलत होता आणि ते खरं मानून ईसीयू रीजनवर रीजन मागत होता. सेन्सर बदलला, नव्या सेन्सरची नोंद ईसीयूत केली, आकडा शून्यावर आला. आयडलिंगला ५ मिलिबार, रेस दिल्यावर दाब सरळ चढतो, सोडल्यावर सरळ उतरतो. फिल्टर ठणठणीत. या तपासाला पाच मिनिटंही लागत नाहीत आणि फिल्टर बदलायला सांगण्याआधी तो झालाच पाहिजे.

बिघाड दिसला की ईसीयू जो कोड नोंदवतो, तोही नीट वाचावा लागतो. पी २४६३ म्हणजे काजळी जास्त साठली. पी २४५२ आणि पी २४५३ दाबाच्या सेन्सरबद्दल आहेत. पी २४२एफ राखेबद्दल आहे. पी २००२ म्हणजे फिल्टर नीट गाळत नाही, म्हणजे फुटलेला असू शकतो. चोक झाल्याच्या हे जवळजवळ उलट. या सगळ्यांना एकच "डीपीएफचा कोड" म्हणून एकच औषध देणं ही सर्रास होणारी चूक आहे.

"हायवेवर २० मिनिटं दाबून चालवा"

हा मुद्दा अर्धा खरा आहे. दिवा नुकताच लागला असेल, स्थिर असेल, दुसरा कोणताही दिवा नसेल, तर मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालवणं हाच पहिला उपाय, आणि गाडीसोबतच्या पुस्तकातही बहुधा तेच लिहिलेलं असतं. पण रीजन सुरू व्हायला अटी असतात. इंजिन पुरेसं तापलेलं हवं. टाकीत डिझेल हवं. बऱ्याच गाड्या पाव टाकीच्या खाली रीजन घेत नाहीत. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी व्यवस्था), धुराच्या तापमानाचे सेन्सर, काही गाड्यांत ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला उष्णता देणारे), यांपैकी कशाचा कोड असेल तरी ईसीयू रीजन रोखून धरतो. अटी पूर्ण नसतील तर २० मिनिटं काय, दिवसभर चालवा, फिल्टरमध्ये भरच पडेल. दिवा लुकलुकायला लागला असेल, इंजिनाचा दिवाही सोबत असेल आणि गाडी ओढत नसेल, तर दाबून चालवायची वेळ निघून गेलेली असते.

एक चालक तीन रविवार सकाळी उठून व्हॅन हायवेवर पळवून आणत होता. मनापासून करत होता बिचारा. मी स्कॅनर लावून त्याच्यासोबत बसलो. अर्ध्या तासाने कूलंटचं तापमान ६४ अंश. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला, पाणी सतत रेडिएटरमधून फिरतंय, इंजिन गरम होतच नाही. थंड इंजिन बघून ईसीयू रीजन सुरूच करत नव्हता. थर्मोस्टॅट बदलला आणि त्याच संध्याकाळी रीजन आपोआप लागलं. काट्यावर थंडी-गरमीचा अंदाज नीट कळत नाही, आकडा बघावा लागतो.

रीजन चालू आहे हे ओळखता येतं : आयडलिंग थोडं चढतं, गाडी थांबली तरी पंखा जोरात फिरतो, तापल्याचा वास येतो, स्टार्ट-स्टॉप बंद होतं, ॲव्हरेजचा आकडा पडतो. त्या वेळी चावी काढू नका. पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलेल्या रीजनचं जादा डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून बघा. ऑइल वरच्या खुणेच्या वर गेलं असेल, बोटाला पातळ लागत असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर ते वाढलेलं ऑइल नाही, डिझेल आहे. तेवढंच काढून टाकून भागत नाही, पूर्ण ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा. पातळ ऑइलवर बेअरिंग जातात. पातळी फारच चढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं आणि चावी काढूनही बंद होत नाही.

"टाकीत क्लीनरची बाटली ओता"

बाटलीत काहीच नसतं असं म्हणणार नाही. सेरियम किंवा लोह असलेलं द्रव्य डिझेलमध्ये मिसळलं की काजळी कमी तापमानाला, ४५० अंशांच्या आसपास, जळू लागते. सन २००० मध्ये आलेल्या प्यूजो ६०७ या गाडीत अशीच व्यवस्था कारखान्यातून होती, वेगळ्या टाकीसह. काही व्हॅनमध्ये आजही ती असते आणि टाकी रिकामी झाली की रीजन बिघडतं. आपल्या गाडीत ती आहे का हे आधी बघा. पण बाटली राख जाळत नाही, गळका इंजेक्टर दुरुस्त करत नाही, थर्मोस्टॅट बंद करत नाही. तिच्यातल्या धातूचीही शेवटी थोडी राखच होते.

"फोर्स रीजन मारा"

उभ्या गाडीवर जबरदस्तीने रीजन सुरू करणारं स्कॅनरचं हे बटण उपयोगी आहे, मीही वापरतो. पण काजळी किती भरली आहे हे बघून, आणि बिघाड दुरुस्त केल्यावर. काजळीच्या ठरावीक मर्यादेपलीकडे कंपन्या उभ्या गाडीवर रीजन करू नका असं सांगतात, त्याला कारण आहे. गच्च भरलेल्या फिल्टरमध्ये काजळी पेटली आणि त्याच क्षणी इंजिन आयडलिंगला आलं, तर धुरातला ऑक्सिजन वाढतो आणि उष्णता वाहून नेणारा प्रवाह मात्र आटतो. आतलं तापमान १,००० अंशांच्या वर जातं. ठोकळ्याला भेग जाते नाहीतर तो आतून वितळतो. बाहेरून पत्रा धड दिसतो आणि आतून फिल्टर संपलेला असतो. हे काम बंद शेडमध्ये, किंवा सुकं गवत, कागद, फडकी जवळ असताना करू नका.

"उतरवून प्रेशरने धुवा"

राख नळीच्या बंद टोकाला घट्ट बसलेली असते. तिच्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारला की थोडी निघते, उरलेल्याचा चिखल होतो आणि सुकल्यावर तो दगडासारखा बसतो. पातळ भिंती आणि त्यावरचा कॅटॅलिस्टचा लेप खराब होतो तो वेगळाच. आत पाणी राहिलं आणि गाडी एकदम तापवली तर तडा. काळं पाणी गटारात सोडायचं तर त्यात काजळी आणि धातू दोन्ही असतात. योग्य सफाईत फिल्टरचं आधी वजन करतात, हवा किती आरपार जाते ते मोजतात, भट्टीत तापवून काजळी जाळतात, मग धूर बाहेर पडतो त्या बाजूने उलटी हवा मारून राख काढतात आणि पुन्हा मोजतात. आधीचा आणि नंतरचा आकडा हातात देत नसतील तर सफाई झाली हे कशावरून मानायचं? आणि राखेचा हिशोब ईसीयूत शून्य करायचा तो राख खरोखर निघाल्यावर किंवा नवा फिल्टर बसवल्यावरच. दिवा घालवायला कुणी तो आकडा पुसला तर पुढे ईसीयू आंधळा होतो.

राख लवकर भरायला बहुतेक वेळा ऑइल कारण असतं. डीपीएफच्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं, डब्यावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) सी २, सी ३ असं लिहिलेलं. कोणतं ते आपल्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. "डिझेलचं ऑइल" एवढंच बघून घेऊ नका.

मेसेजमध्ये एक प्रश्न कुठेच नाही : एवढी काजळी येतेय कुठून? माझं निम्मं काम याच प्रश्नावर चालतं. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकलाय का, हवा मोजणारा सेन्सर चुकीचं दाखवतोय का, एखादा इंजेक्टर थेंब थेंब गळतोय का, टर्बो ऑइल सोडतोय का. आणि टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा रबरी होज. हा फार फसवतो. वरून धड दिसतो, हाताने दाबला तरी धड. खालच्या बाजूने बोट फिरवलं की ऑइलचा ओलसर चकाकता पट्टा लागतो, आणि तिथे केसाएवढी चीर असते जी टर्बोचा दाब आल्यावरच उघडते. मोजलेली हवा वाटेतच निसटते, इंजिनाला हवा कमी पडते, धूर काळा होतो. आणि तो काळा धूर फिल्टर मुकाट्याने गिळत असतो, म्हणून मागून कुणाला दिसत नाही.

"जाळी काढा, इंजिन जास्त टिकतं"

हा सगळ्यात घातक सल्ला आहे. फिल्टर काढल्याने चिरलेला होज जोडला जात नाही. जे दुखणं होतं ते तसंच राहतं, फक्त ते दाखवणारी खूण गेलेली असते. धड फिल्टरचा अडथळा इतका कमी असतो की तो काढून पिकअपमध्ये मोठा फरक पडला असं वाटलं, तर फिल्टर तुंबलेला होता आणि तुंबण्याचं कारण अजून आतच आहे. रीजनचं डिझेल वाचतं हे खरं, पण ते डिझेल जाळत कशासाठी होतो ते विसरून चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला कर्करोग निश्चित घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. धड फिल्टर काजळीचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग अडवतो. तो काढला तर ती काजळी सगळ्यात आधी जाते इंजिन चालू ठेवून मागच्या दारातून माल उतरवणाऱ्या माणसाच्या छातीत, म्हणजे बऱ्याचदा चालकाच्याच. बहुतेक देशांत हे बेकायदाही आहे. नेदरलँड्स आणि जर्मनीत २०२३ पासून तपासणीला धुरातले कण मोजले जातात, तिथे पोकळ फिल्टर लगेच सापडतो.

जुनी व्हॅन घेत असाल तर गाडी थंड असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. फिल्टर धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळंकुट्ट निघालं तर फिल्टर फुटलेला आहे किंवा आत नाहीच.

गाडी आली की मी ठरलेल्या क्रमाने बघतो. डिपस्टिक. चावी फिरवून दाबाचा आकडा. चालवून कूलंटचं तापमान. कोड आणि ते लागले तेव्हाची नोंद. मग शेवटचं पूर्ण रीजन किती किलोमीटरपूर्वी झालं, ते. हा शेवटचा आकडा चालकांनीही लिहून ठेवावा. धड व्हॅनमध्ये दोन रीजनमध्ये सहसा काही शे किलोमीटर जातात. ७०-८० किलोमीटरवर रीजन मागत असेल तर काजळी कुठूनतरी जादा येतेय किंवा सेन्सर चुकतोय. चिरलेल्या होजची एक व्हॅन अशीच दर ७० किलोमीटरला रीजन घेत होती. होज बदलून दिला आणि चालकाला सांगितलं, मधलं अंतर डायरीत लिही. पहिलं रीजन ३१० वर झालं, नंतरचं ४६० वर, त्यापुढचं ४८० वर. फिल्टर तोच, जुना, हातही न लावलेला.