गाळाची गाडी परत आली, आणि बोलणी ईटीपीवाल्यांना, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या आम्हाला!

सकाळी लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायच्या जागी, पाठवलेली गाडी दुपारी साडेतीनला तशीच भरलेली परत. फाळक्याच्या फटीतून हिरवट-करडं पाणी ठिबकतंय, गेटपासून शेडपर्यंत रेघ. तिकडे त्यांनी रंग गाळायच्या गाळणीत १०० ग्रॅम गाळ ठेवला, ५ मिनिटं व्हायच्या आत थेंब खाली पडला, विषय संपला. त्यांचं काहीही चुकलेलं नाही. मोकळं पाणी सुटणारा घातक गाळ लँडफिलमध्ये घ्यायचाच नसतो.

चुकलं ते आमचं म्हणे. अहो, गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसचे चार क्लॉथ (गाळायची कापडं) फाटलेत हे मी तीन महिने रजिस्टरमध्ये लिहितोय! खाली सह्या होतात, क्लॉथ येत नाहीत. फाटक्या क्लॉथवर प्रेसमध्ये दाब टिकत नाही, त्यात वरून फोन: "टाकी भरलीय, प्रेस उघडा." उघडला. प्लेट सरकवली की केक, म्हणजे दाबलेल्या गाळाची वडी, आपसूक सुटून पडायला हवा. इथे आम्ही अर्धा तास खरवडत होतो, निव्वळ चिखल. हिशोब शाळेतला आहे. १०० किलो गाळात ८० टक्के पाणी असेल तर कोरडा माल २० किलो. पाणी ६० टक्क्यांवर आणा, तोच गाळ ५० किलो भरतो. निम्मं वजन! क्लॉथचा खर्च वाचवायचा आणि पाणी गाडीत घालून फिरवायचं, वर त्याचेही वजनाने पैसे मोजायचे.

आणि हेच वरचे लोक मागे मला सांगत होते, प्लेटिंगचा (धातूच्या मुलाम्याचा) क्रोमियमवाला गाळ बायोलॉजिकलच्या (जिवाणूंनी पाणी शुद्ध करतात तिथल्या) गाळात मिसळा, क्रोमियमचा आकडा उतरेल. आकडा उतरेल, क्रोमियम कुठे जाणार? एक ढीग घातक होता, आता दोन्ही. मग दुसरी टूम निघाली, जाळून टाका. त्यात चुना आहे! चुन्यासकट हवेत तापवलं की मोठ्या मेहनतीने ट्रायव्हॅलंट (कमी विषारी) केलेलं क्रोमियम परत हेक्साव्हॅलंट (जास्त विषारी) होतं. हे किती वेळा सांगायचं?

सॅम्पलचं तर बोलूच नका. लॅबवाले बिचारे गाळाच्या २० पट वजनाच्या आम्लधर्मी द्रावणात १८ तास बाटली फिरवून लीचेट (गाळातून झिरपून निघणारं पाणी) काढतात, आणि आपण त्यांना काय पाठवतो? एकाच पोत्याच्या तोंडाशी सुकलेली मूठभर माती. त्यावरून अख्ख्या शेडमधल्या गाळाचा वर्ग, घातक की नाही, ठरणार. प्रत्येक पोत्यात हात घाला, तळातलं काढा, मिसळा, मग पाठवा. कंटाळा येतो तर या कामात येऊ नका.

संध्याकाळी ती रेघ धुवायला नवा पोरगा पाइप घेऊन निघाला. हातात मोजे नाहीत, आणि पाणी सरळ पावसाच्या गटाराकडे लोटतोय. मी जीव खाऊन ओरडलो. तो घाबरून जागच्या जागी उभा राहिला. ते पाणी परत ईटीपीतच आणायचं असतं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.