महाराज आपल्याच पक्षाचे

उमेदवारी अर्ज भरण्यापूर्वी आपण शिवनेरीला जाऊन आला असाल, असे मी गृहीत धरतो. गेला नसाल तर छायाचित्रकाराला घेऊन उद्याच जावे. जन्मतारखेच्या वादात मात्र पडू नये. संशोधकांनी अनेक दशके भांडून घेतल्यावर शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली, तरी तिथीने जयंती करणारे आजही तितकेच निष्ठावंत आहेत, म्हणजे फ्लेक्स वर्षातून दोनदा लावता येतो. इतकी सोय दुसऱ्या कोणत्या राष्ट्रपुरुषाने करून ठेवली आहे?

महाराज नेमके कोणाचे, हे सभा कुठे आहे त्यावरून ठरवावे. जोतीराव फुल्यांनी १८६९च्या पोवाड्यात त्यांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले, तर टिळकांनी १८९६ साली रायगडावरचा उत्सव राष्ट्रीय चळवळीला जोडला. हे दोन्ही महाराज एकाच भाषणात आणू नयेत, कारण मग श्रोते विचार करू लागतात. जयघोषाची चिंता मात्र नको, तो कोणत्याही बाजूने चालतो. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करायला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसे काळे झेंडे घेऊन त्यांच्या वाटेवर उभी होती. गडावर महाराज भारताचे होते, वाटेवर मराठी राज्याचे.

पुतळ्याच्या बाबतीत उंची आधी जाहीर करावी, पाया नंतर पाहता येतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि त्या जागी ६० फुटी पुतळ्याची घोषणा झाली. विरोधात असाल तर अशा वेळी जोडे मारो आंदोलन करावे. तेही प्रचारातच मोजले जाते.

एक कागद तेवढा कपाटात ठेवावा. चिपळूणजवळच्या तळावरील अंमलदारांना पाठवलेल्या पत्रात महाराज दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरायला सांगतात, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर वात नेईल आणि गवताच्या गंज्या पेटतील, असे बजावतात, आणि रयतेला त्रास दिलात तर यांच्यापेक्षा मोगल बरे असे ती म्हणेल, अशी जाणीव करून देतात. या मजकुरावर टाळ्या पडत नाहीत, आणि आपल्या गाड्यांचा ताफा बाजारातून जाताना कुणी तो मोठ्याने वाचला, तर लोक महाराजांकडे पाहायचे सोडून आपल्याकडे पाहू लागतील.